आधी पाणी, मग मासा

सूनबाई, शेततळ्यात यंदा मासे सोडायचं तू मनावर घेतलंस, बरं केलंस. लासलगावच्या आसपास प्लास्टिकचं अस्तर घातलेली तळी आता शिवाराशिवारात दिसतात. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली, तेव्हापासून तर ती फारच वाढली. पण यातलं एकही तळं मुळात माशासाठी खोदलेलं नाही. ते द्राक्षासाठी आहे, उन्हाळ कांद्यासाठी आहे. मासा त्या पाण्यात पाहुणा आहे. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप सुटतात.

म्हणून बोटुकली, म्हणजे माशाची बोटाएवढी पिल्लं, किती घ्यायची, हे आधी विचारू नकोस. तळ्यात पाणी कधीपर्यंत राहणार, ते विचार. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल तळं काठोकाठ भरलं तर त्यात बावीस लाख लिटरच्या घरात पाणी मावतं. पावसाळ्यात विहिरीवरून ते भरून घ्यायचं, पालखेडच्या कालव्याचं आवर्तन मिळालं तर त्यावरही. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागण झाली की उपसा सुरू होतो, आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग पाणी मागते. म्हणजे ऑगस्टपासून मार्चपर्यंत, फार तर आठ महिने. यातच मासा विकण्याजोगा व्हायला हवा.

तळ्यात एक खांब उभा कर आणि त्यावर तळापासून पाच फुटांवर लाल रंगाची खूण कर. पाणी त्या खुणेला आलं की मासे काढायला लागायचं, मग भाव काहीही असो. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे खुणेवर आलेलं पाणी डोळ्यांना अर्धं दिसतं, प्रत्यक्षात ते निम्म्याहून कमी असतं. मासे तेवढेच आणि पाणी निम्मं, त्यात चैत्राचं ऊन. इथेच लोक फसतात.

आता संख्या. नऊ गुंठ्यांच्या तळ्यात हवा देणारं यंत्र नसेल तर सहा-सातशे बोटुकलीच्या वर जाऊ नकोस. दोन हजार सोडा असं सांगणारे भेटतील. दोन हजारांत शेवटी पाव किलोचे मासे हाताशी येतात आणि व्यापारी त्यांना हात लावत नाही. जातींचं प्रमाण पुस्तकात चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ असं दिलेलं असतं, कारण कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. ते मातीच्या तळ्यासाठी बरोबर आहे. आपल्या तळ्याला प्लास्टिक आहे, तळाशी गाळ नाही, मृगळाने खायचं काय? म्हणून मृगळ कमी कर, रोहू वाढव, आणि चाळीस-पन्नास गवत्या मासे टाक. बांधावरचं गवत आणि लसूणघास कापून टाकला की तो पोसतो, आणि त्याची विष्ठा बाकीच्यांसाठी पाण्यात खत होते.

बीजाकडे मात्र मन लावून बघ. या धंद्याचा पाया तिथेच आहे.

कटला, रोहू, मृगळ तळ्यात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातला पूर लागतो, वाहतं पाणी लागतं. पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करत, आणि त्यात कटल्याबरोबर नको ते मासेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. आज देशभर १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्याच कारणाने. तुझ्या तळ्यात येणारी बोटुकली त्याच दिवसाची पुण्याई आहे, म्हणून ती तारीख तुला ठाऊक असावी असं मला वाटतं.

पण टोचून अंडी मिळतात म्हणून काही मत्स्यबीज केंद्रांवर हेळसांड होते. तेच ते नर-मादी वर्षानुवर्षं वापरले, भाऊबहिणींचं बीज काढलं, की पिढीगणिक वाढ खुंटते. एकाच हौदात कटला आणि रोहू एकत्र सोडले की संकर होतो, आणि त्या संकराच्या मादीपासून पुढे काढलेलं बीज भरवशाचं राहत नाही. म्हणून बीज घेताना केंद्रचालकाला सरळ विचार, जोडीचे मासे कुठून आणले, शेवटचे कधी बदलले. चांगला माणूस या प्रश्नाने रागावत नाही, वही काढून दाखवतो. भुवनेश्वरच्या मत्स्य संशोधन संस्थेने निवडपद्धतीने तयार केलेली ‘जयंती’ रोहू मिळत असेल तर चार पैसे जास्त दे. देशाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९९७ मध्ये, तिला ते नाव मिळालं, आणि ती साध्या रोहूपेक्षा लवकर वाढते.

जिरे स्वस्त मिळतं म्हणून जिरे घेऊ नकोस. जिरे म्हणजे नुकतं फुटलेलं पिल्लू, सहा-आठ मिलिमीटरचं. त्यातलं बरंचसं बोटुकली होण्याआधीच जातं. आपल्याकडे आठच महिने आहेत, तेव्हा आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली घे, शक्यतो त्याहून मोठी. ती निरोगी आहे का हे पाहायची सोपी रीत आहे. बादलीत थोडी बोटुकली घे आणि हाताने पाणी गोल फिरव. धडधाकट पिल्लं प्रवाहाविरुद्ध पोहत कडेला जातात, अशक्त मधोमध गोळा होतात. अर्धी मधे जमली तर गाडी परत पाठव. तळ्यावर आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू दे, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घे, आणि मग पिल्लांना आपापली बाहेर येऊ दे. हे सगळं सकाळी किंवा सांजेला, भर उन्हात कधीच नको.

आता आपल्या भागाची खास गोष्ट, जी बाहेरचा सल्लागार सांगणार नाही. आपल्या तळ्याला सगळ्यात मोठा धोका आपल्याच फवारणीचा आहे. द्राक्षावर बोर्डो मारतात, त्यात मोरचूद असतं. कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी लॅम्डा सायहॅलोथ्रीन मारतात. त्या वर्गातली कीटकनाशकं माशाला अगदी थोड्या प्रमाणातही मारक ठरतात. फवारणीचा पंप किंवा ब्लोअरची टाकी तळ्याकाठी धुवायची नाही, तळ्याच्या बादलीने पाणी घ्यायचं नाही, वारा तळ्याकडे वाहत असेल तर त्या बाजूच्या ओळी दुसऱ्या दिवशी घ्यायच्या. शेवाळ आलं म्हणून तळ्यात मोरचूद टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. मासे असताना ती बंद. फवारणीच्या गड्यांना हे तू स्वतः उभं राहून सांग.

आणि एक जोडून सांगतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ढगाळ, कोंदट दिवस आले की द्राक्षावरच्या डावणी रोगाच्या भीतीने सगळे फवारणी वाढवतात. नेमक्या त्याच दिवसांत ऊन नसल्याने पाण्यातल्या हिरव्या शेवाळकणांकडून प्राणवायू कमी तयार होतो. रात्रभर मासे आणि ते कण दोघंही प्राणवायू खातात, आणि पहाटे तो सगळ्यात कमी होतो. म्हणजे दोन्ही संकटं एकाच आठवड्यात येतात. अशा दिवसांत खाद्य बंद ठेव आणि दिवस उजाडायच्या आत तळ्यावर जा. मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर लगेच मोटर लाव आणि तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यात पाड. सकाळी आठला जाऊन पाहिलंस तर उपयोग नाही, तोपर्यंत उन्हाने चित्र बदललेलं असतं.

पाण्याचा रंग फिकट हिरवा हवा. कोपरापर्यंत हात बुडव. तळवा जेमतेम दिसेनासा झाला तर पाणी ठीक. त्याआधीच दिसेनासा झाला तर हिरवं फार झालं, शेण थांबव. कोपर बुडूनही तळवा लख्ख दिसला तर पाणी उपाशी आहे. शेणाचं पोतं कोपऱ्यात पाण्यात टांगून ठेव, थेट ओतू नकोस. हिरव्या पाण्याने ठिबकचा वाळूचा फिल्टर लवकर तुंबतो, तो वरचेवर उलटा धुवावा लागेल, हे घरात आधीच बोलून घे, नाहीतर छाटणीच्या दिवसांत भांडण ठरलेलं. फूटव्हॉल्व्हला बारीक जाळी बांध आणि तो तळाशी टेकू देऊ नकोस.

खाद्याचं फार बोलत नाही. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समसमान, किंवा तरंगतं तयार खाद्य. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, तासाभरात संपेल एवढंच. उरलेलं कुजतं आणि पाणी बिघडवतं. फक्त थंडीचं ध्यानात ठेव. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तो पाच अंशांच्याही खाली नोंदला गेला आहे. पाणी थंड झालं की कार्प जातीचे मासे खाणं कमी करतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं खाद्य दुपारवर ने आणि निम्मं कर. कडाक्यात जाळं टाकू नकोस. तेव्हा खवला निघाला, जखम झाली, की लाल चट्टे उठतात आणि लवकर भरत नाहीत.

तळ्याला कुंपण आहे, पण फाटकाला कुलूप नाही. ते आज लाव. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, आत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोड, दोन हवा भरलेल्या ट्यूब तरंगत ठेव, आणि खाद्य टाकायला एकटीने जाऊ नकोस. पोरं तळ्याच्या आत कधीच नाहीत, मासे बघायलाही नाहीत. बाकी सगळं चुकलं तर पैसा जाईल. हे चुकलं तर घर मोडेल.

नदीचंही थोडं ऐक. आपल्याच तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. तिथले पाणकावळे आणि बगळे तुझ्या तळ्यावर येणारच. त्यांच्यासाठी वर दोऱ्या ताण किंवा जाळी टाक. विषाचं आमिष किंवा फासा आपल्या शिवारात नको. सांडव्याच्या पाइपाला बारीक जाळी लाव, म्हणजे अतिवृष्टीत तळं ओसंडलं तरी गवत्यासारखे परके मासे ओढ्यातून गोदावरीत जाणार नाहीत. कोणी थाय मागूर देऊ केला, कमी पाण्यात झपाट्याने वाढतो म्हणाला, तरी घ्यायचा नाही. त्यावर देशात बंदी आहे आणि ती योग्य आहे. तो हाती लागेल ते खातो, आणि नदीत गेला की तिथली मरळ, वाम, झिंगे काही शिल्लक ठेवत नाही.

पहिल्या पावसात नदीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. ओढ्यात ते हाताने धरता येतात म्हणून सगळे धावतात. आपल्या घरातून कोणी जाणार नाही. गाभोळीने भरलेल्या एका मादीत लाखभर अंडी असू शकतात. पाण्यात लालसर पिल्लांचा घोळका आणि त्याखाली मरळ दिसली, तर ती पिल्लं राखते आहे. ती धरली की घोळका अर्ध्या दिवसात इतर माशांच्या पोटात जातो. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीर माशाचं बीज तयार करून नद्यांत सोडत आले आहेत. नदी रिकामी झाल्यावर ती भरायला किती वर्षं लागतात, ते त्या कामावरून समजून घे.

विक्रीत तुझा हात कांद्याने घडलेला आहे, तिथे सावध राहा. कांदा चाळीत घालून चार महिने भावाची वाट पाहता येते. मासा पाण्यात असेपर्यंतच थांबतो, बाहेर काढल्यावर बर्फातही फार नाही. म्हणून गिऱ्हाईक ठरल्याशिवाय जाळं ओढायचं नाही. मार्गशीर्षात बरीच घरं मासे टाळतात. त्यानंतर होळीपर्यंतचा काळ आपल्याला धरून आहे. जानेवारीअखेर मोठे मोठे निवडून काढ, नाशिक-मनमाडच्या व्यापाऱ्याला बांधावर बोलाव, वजन आपल्या काट्यावर कर. मोठे निघाले की उरलेल्यांना जागा मिळते आणि ते मार्चपर्यंत भरतात.

सरकारी मदतीसाठी अर्ज तुझ्या नावाने कर. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिलांना ६० टक्के अनुदान ठेवलं आहे. उताऱ्यावर तुझं नाव आहेच.

मार्चनंतर तळाशी उरलेलं गढूळ पाणी ओढ्यात सोडू नकोस, बांधावरच्या नारळांना दे. अस्तर उन्हात वाळव, कुठे चिरलंय ते बघ, आणि पुढच्या बोटुकलीची मागणी मे महिन्यातच नोंदव. जूनमध्ये सगळेच धावतात, आणि मग केंद्रावर जे उरलेलं असतं ते घ्यावं लागतं.