घरबसल्या कामाचा हिशोब

मैत्रिणींनो, "घरबसल्या काम आहे, लेकरंबी सांभाळता येतील," असं कुणी म्हटलं की आपण लगेच हो म्हणतो. पण मजुरी ठरवताना काय काय मोजायचं? आजचा पाठ त्यावरच आहे.

अडीचशे वर्षांमागं इंग्लंडमध्ये व्यापारी खेड्यातल्या घरोघरी लोकर आणि सूत वाटायचे. बाया सूत कातायच्या, लेकरं हाताखाली राबायची. मोजे विणणाऱ्या कुटुंबांना मागाचं भाडंसुद्धा भरावं लागायचं. घर कामगाराचं, दिवाबत्ती कामगाराची, दर मात्र व्यापाऱ्याचा.

आपल्याकडं हीच रीत विडीच्या धंद्यात दिसते. १९४८ च्या कारखाना कायद्यानं कामाचे तास, सुट्टी, सोयी ठरवून दिल्या. त्या टाळायला बऱ्याच मालकांनी काम ठेकेदारामार्फत घरोघरी दिलं. सोलापुरात आजही हजारो बाया घरी विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर. पान खराब निघालं, कमी पडलं, तर बाईनं पदरचं घालायचं. वर "छाट" म्हणून विड्या बाजूला काढायच्या आणि त्यांचे पैसे द्यायचे नाहीत, हीही जुनी तक्रार.

समजा, हजार विड्या वळल्या आणि शंभर छाट गेल्या. मजुरी नऊशेचीच, मेहनत हजाराची. त्यातून पानाचा खर्च वजा करा. पानं भिजवणं, कापणं, लेकीनं केलेली मदत, हे तर कुणी धरतच नाही.

बाया एकएकट्या होत्या तोवर मालक म्हणायचा, "ही आमची कामगारच नाही." संघटनांनी आवाज उठवला. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं. पान-तंबाखू किती द्यायचं, छाट किती काढायची, याचे वाद सोडवायची सोय झाली. सोलापूरच्या बायांनी तर एकजुटीनं लढून कुंभारीला १०,००० घरांची वसाहत उभी करून घेतली. २००६ साली घरांच्या चाव्या मिळाल्या.

शिलाई असो, पापड असो की गोधडी, एक वही ठेवा. तारीख, घेतलेला माल, दिलेले नग, नापास नग, लागलेले तास, मिळालेले पैसे रोज लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. दर ठरवायला एकटीनं जाऊ नका, गटानं जा.

बैठकीत चर्चा करा :
१. आपल्या गावात घरी बसून कोणकोणती कामं होतात? दर कोण ठरवतं?
२. सुई-दोरा, वीज, गाडीभाडं कुणाच्या पदरचं जातं?
३. सगळं वजा करून तासाला किती रुपये पडतात?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपापल्या वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन या.