वाद्याचे जुने लाकूड चोरीस गेले तर?

ओल्या लाकडाचा तंबोरा केला तर लाकूड आकसते, तडा जातो, सूर टिकत नाही. म्हणून पाडलेल्या वाड्याची वर्षानुवर्षे वाळलेली तुळई वाद्य कारागिरास मोलाची. इतरांना ती सरपण वाटते, आणि चोर तिला सरपणाच्या भावातच विकतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याने अंगणातल्या फळीला कुलूप लागत नाही.

खरी अडचण पुढेच येते. फळी सापडली तरी ती आपली, हे दाखवायचे कशावरून? जुन्या लाकडाचा व्यवहार बहुधा तोंडी असतो. तेव्हा खरेदीच्या दिवशीच विकणाऱ्याची सही घ्यावी, लांबी-रुंदी-जाडी वहीत लिहावी, खिळ्यांची भोके व गाठी दिसतील असा फोटो काढावा. खूण पटाशीने मधोमध कोरावी. टोकाची खूण चोर कापून टाकतो.

घेणाऱ्यानेही जपावे. चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निम्म्या भावात वाळकी तुळई दारी आली, तर आधी विकणाऱ्याचे नाव-गाव विचारा, भाव मागाहून.