घासणे, चोळणे आणि शिवणे : काही स्पर्शवाचक क्रियापदांचा प्रयोगविचार

पितळी भांड्यांसाठी भंडारा शहराचा लौकिक जुना आहे. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम घरोघर पोहोचल्यावर हा धंदा ओसरला. तथापि पृष्ठभागाशी हाताचा संबंध दाखविणाऱ्या मराठी क्रियापदांचा अभ्यास करावयाचा, तर पितळी भांड्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. ते चिंच आणि राख लावून घासतात, बुडाशी लागलेले खरवडतात, फडक्याने पुसतात. कल्हईच्या वेळी तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवितात. या क्रियांतील अर्थभेद कोशांतून कळतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय त्यांच्या वाक्यरचनेतील भेद हा आहे.

'घासणे' याचे कर्म म्हणजे ज्याचा पृष्ठभाग बदलतो ती वस्तू. 'तिने गडवा घासला', 'तिने घागर घासली', 'तिने भांडे घासले' : क्रियापद भांड्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, प्रयोग कर्मणी आहे. 'उगाळणे' याची रीत निराळी. चंदन उगाळतात ते सहाणेवर. येथे जे झिजते ते कर्म होते आणि खरबरीत पृष्ठभाग अधिकरणात जातो. 'चोळणे' व 'पुसणे' ही क्रियापदे दोन्हींकडे झुकतात. पाय चोळता येतात आणि पायाला तेलही चोळता येते. डोळे पुसतात, तसे अश्रूही पुसतात. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. जे बदलते, झिजते, लागते किंवा निघून जाते, ते कर्म होते आणि भूतकाळी क्रियापद त्याच्याशी जुळते.

'शिवणे' मात्र या गटात बसत नाही. 'तिने सदरा शिवला' यातील 'शिवणे' संस्कृत 'सीव्' धातूचे. त्याचा येथे संबंध नाही. स्पर्शार्थक 'शिवणे' प्राकृत 'छिव' पासून आले असून, हेमचंद्राने 'स्पृश्' धातूच्या आदेशांत 'छिव' दिला आहे. याची रचना 'तो भांड्याला शिवला', 'ती भांड्याला शिवली' अशी होते. कर्ता प्रथमेत राहतो, भांड्याला 'ला' लागतो आणि क्रियापद शिवणाऱ्याप्रमाणे फिरते. 'त्याने भांड्याला हात लावला' असे म्हटले, तरी क्रियापद 'हात' या कर्माशी जुळते. भांडे बाजूलाच राहते. म्हणजे शिवल्याने भांड्यात काही पालट झाला, असे मराठीचे व्याकरण म्हणत नाही.

रूढी मात्र नेमके तेच म्हणत आली. शिवाशिवीच्या व्यवहारात भांडे बाटले असे मानले जाई. पण ते सांगण्यासाठी 'शिवणे' पुरत नसे. 'विटाळणे', 'बाटणे' अशी वेगळी क्रियापदे जोडावी लागत. मग उपाय म्हणून 'घासणे' येई. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, कासे, पितळ इत्यादींच्या शुद्धीसाठी क्षार, आम्ल आणि पाणी सांगितले आहे. ही घरातील राख आणि चिंचच होय. जो मळ लागलाच नाही, तो घासून काढण्याचा हा विधी. पाण्याच्या बाबतीत तेवढीही सोय नाही, कारण तळे घासता येत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी त्यात पंचगव्य ओतून 'शुद्धी' केली.

हा व्याकरणविशेष एकट्या मराठीचा नाही. जपानी भाषेत 'कोसुरु' (घासणे), 'नादेरु' (कुरवाळणे), 'सासुरु' (दुखरा भाग हळुवार चोळणे) यांचे नाम कर्मवाचक 'ओ' प्रत्यय घेते. 'सावारु' (शिवणे) याचे नाम सामान्यतः 'नि' घेते, जो पुष्कळदा आपल्या 'ला'चे काम करतो. जपानीत 'सावारु' याच उच्चाराचे, पण वेगळ्या चिन्हाने लिहिले जाणारे क्रियापद 'बाधणे, अपाय होणे' या अर्थी येते आणि तेही 'नि'च घेते. तेथे बाधेचा अर्थ त्याच शब्दरूपात सामावला. मराठीत तो 'शिवणे'च्या बाहेर, 'विटाळणे'कडे राहिला. ही तुलना प्रत्ययापुरतीच घ्यावी. दोन्ही समाजांतील स्पर्शविषयक आचारांबद्दल तीवरून अनुमान काढणे घाईचे होईल.

'शिवणे'चा एक निर्मळ उपयोगही नोंदविला पाहिजे. शिवणापाणीच्या खेळात ज्याला शिवले जाते, त्याच्यावर राज्य येते. म्हणजे पालट होतो तो शिवल्या गेलेल्या गड्यात. पण मुले ओरडतात ते 'मी तुला शिवलो' असेच.