ठराव झाला, पुढे काय?

मंडळी, तुमच्यापैकी कोणी उद्या पंच होईल, कोणी सरपंचही होईल. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातली ही हकीकत ध्यानात ठेवावी.

महाडला चवदार तळे आहे. तिथे बाकीचे सारे पाणी भरीत. गुरेही पीत. अस्पृश्य म्हणविलेल्या माणसांना मात्र बंदी! १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने ठराव केला, की सार्वजनिक पैशाचे पाणवठे सर्वांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. झाले! वहीत तळे खुले झाले. ओंजळभर पाणी काही कोणाला मिळाले नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर त्या माणसांना मार खावा लागला. ऑगस्टात तर नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. तळे आमचेच, असे म्हणणाऱ्यांचा दावा हायकोर्टाने फेटाळला, तेव्हा १९३७ साल उजाडले होते.

म्हणून सांगतो, ग्रामसभेत नळाचा, विहिरीतल्या गाळाचा, खाडीच्या बांधाचा ठराव आला तर नुसता हात वर करून घरी जाऊ नका. काम कोणी करायचे, पैसा कुठून यायचा, कोणत्या तारखेपर्यंत व्हायचे, हे त्यातच लिहून घ्या. बांधाचे काम उधाण येण्याआधीच व्हायला हवे ना? सही करण्यापूर्वी सगळे वाचा. आता तुम्हांला वाचता येते. पुढल्या सभेत आधी मागचा ठराव वाचायला लावा. "काम चालू आहे," असे कोणी म्हटले, तर विचारा, "किती झाले? चला, दाखवा."