काळोख नको, नजर घे: नदीवर जाणाऱ्या लेकराला गॉगलचे कानमंत्र

बाळा, दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, कृष्णेचं पाणीही आता निवळत आलंय. तुझा पाय काही घरात ठरायचा नाही. कुंडलातून दुधोंडी, बुर्ली, आमणापूर, नाहीतर पार भिलवडीच्या घाटापर्यंत गळ घेऊन जाशील, आणि आळीतली दोन पोरंही सोबत ओढशील. जा की, कोण अडवतंय! फक्त जाण्याआधी एक पोलराइज्ड गॉगल घे, आणि तो घेण्याआधी तात्याचं एवढं ऐकून घे.

दुपारचं ऊन पाण्यावर पडलं की नुसता लखलखाट होतो आणि खालचं काही दिसत नाही. पाण्यावरून परतणाऱ्या या उजेडाच्या लहरी बहुतेक आडव्या हलत येतात. पोलराइज्ड काच उभ्या लहरी आत सोडते आणि आडव्या अडवते. भरल्या उसाच्या सरीतून बांबू उभा धरून माणूस पार जातो, आडवा धरला की अडकतो, तसंच हे. १९२१ साली सी. व्ही. रामन विलायतेहून बोटीनं परत येत होते, तेव्हा त्यांनी निकोल प्रिझम नावाच्या स्फटिकातून समुद्र पाहिला. वरची चमक तेवढी बाजूला काढली आणि तरी पाण्याचा निळा रंग उरतो हे ताडलं. मुंबई बंदरात बोट लागली तिथूनच त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकाला पत्र लिहिलं. पुढं १९२९ साली अमेरिकेत एडविन लँड यांनी हेच काम करणाऱ्या पातळ पापुद्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, म्हणून आज ती करामत तुझ्या नाकावर बसते. तेव्हा घ्यायची ती नजर, नुसता काळोख नव्हे. आता एकेक ऐक.

दुकानात

१. आधी ‘यूव्ही ४००’ बघ, मग ‘पोलराइज्ड’ बघ – ही दोन कामं निराळी आहेत. एक अतिनील किरण अडवतं, दुसरं लखलखाट अडवतं, आणि एक लिहिलंय म्हणून दुसरं आलंच असं नाही.

२. काच जितकी काळी तितकी चांगली, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून दे – काळोखात डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच किरण अडवत नसेल तर उलट जास्तच किरण आत शिरतात. काळी काच, कोरी राखण.

३. दोन पोलराइज्ड गॉगल मागून घे, एकाची काच दुसऱ्याच्या काचेवर धर आणि एक गॉगल हळूहळू आडव्याचा उभा कर – दोन्ही खरे असतील तर मधला भाग जवळजवळ काळा पडतो. खोटा असला तर काहीच फरक पडत नाही, मग दुकानदार कितीही गोड बोलो.

४. दुसरा गॉगल नसेल तर मोबाइल नाहीतर टेबलावरचा कॅल्क्युलेटर समोर धर आणि गॉगल फिरव – तसल्या पडद्यातून येणारा उजेड मुळात एका दिशेचाच असतो, त्यामुळं कुठल्यातरी कोनात पडदा अंधारतो किंवा रंग बदलतो. सगळेच मोबाइल सारखे वागत नाहीत, म्हणून कॅल्क्युलेटरवर विश्वास जास्त ठेव.

५. मग दुकानाच्या दारात ये आणि उभ्या गाडीच्या पुढच्या काचेकडे बघ – चमक मरून आतली सीट दिसली, आणि मान खांद्याकडं कलती केल्यावर चमक परत आली, तर माल खरा. यात लाजू नकोस, पैसे तू देणार आहेस.

६. आपल्या कृष्णेसाठी नाहीतर येरळेसाठी तपकिरी किंवा तांबूस काच घे – नदीचं पाणी हिरवट-मातकट असतं, आणि या रंगानं दगड, शेवाळ, माशाची पाठ एकमेकांपासून उठून दिसतात.

७. करडी काच वाईट नव्हे, तिची जागा वेगळी – कोकणात होडीनं समुद्रात जाशील, नाहीतर कोयनेच्या शिवसागरासारख्या उघड्या पाण्यावर दिवस काढशील, तर तिथं ती डोळ्याला शांत वाटते आणि रंग आहेत तसे दाखवते.

८. पिवळी काच पहाटेपुरती नाहीतर ढगाळ दिवसापुरती – ती उजेड जास्त आत सोडते, म्हणून दुपारी तिचा उपयोग नाही. पहिलाच गॉगल घेतोयस तर तिच्या नादाला लागू नकोस.

९. काडीच्या आतल्या बाजूला किंवा डबीवर श्रेणी लिहिलेली असते, ती ३ असलेली घे – ती ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, आपल्या उन्हाला तेवढं बेताचं. ४ श्रेणी फक्त ३ ते ८ टक्के सोडते आणि ती घालून गाडी चालवायची नसते. तू तर परतताना मोटारसायकलवरच असणार.

१०. काच पॉलिकार्बोनेटची मिळाली तर तीच घे – हलकी असते आणि सहसा फुटत नाही. झुडपात अडकलेला गळ झटक्यानं ओढला तर तो सुटून थेट तोंडावर येतो. खऱ्या काचेवर ओरखडे कमी पडतात, पण नाकावर वजन आणि फुटण्याची धास्ती राहते.

११. गॉगल घालून मान खाली घाल, दोनदा हलव, आणि बाजूनं उजेड किती येतो ते बघ – गळाला आमिष लावताना मान खालीच असते, तिथं जो घसरतो तो पाण्यातच जायचा. कडेनं ऊन शिरलं तर काचेच्या आतल्या बाजूला आपलाच डोळा दिसत राहतो.

१२. नंबरचा चष्मा असेल तर त्यावरून बसणारा मोठा गॉगल नाहीतर क्लिप घे, ऐपत झाली की नंबरचीच पोलराइज्ड काच करून घे – चष्मा काढून गॉगल घातलास तर चमक जाईल आणि मासाही जाईल.

१३. घेताना काचेची कड निरखून बघ, बुडबुडा किंवा सुटलेला पापुद्रा दिसला तर परत ठेव – स्वस्तातल्या काचेत पातळ थर चिकटवलेले असतात, उन्हापाण्यानं ते कडेपासून सुटायला लागतात. आरशासारखा रंगीत मुलामा मात्र हौसेचा भाग आहे. हौस असेल तर घे, नसेल तर तेवढ्या पैशात चांगलं तंगूस येतं.

पाण्याच्या काठावर

१४. सगळीकडचं पाणी सारखं दिसेल अशी आशा धरू नकोस – ब्रूस्टर नावाच्या शास्त्रज्ञानं १८१५ साली नियम मांडला, त्याप्रमाणं पाण्याकडं साधारण ३७ अंश खाली बघताना चमक सगळ्यात जास्त कापली जाते. पाण्यालगत उभं राहून तुझी नजर पाच फुटांवर असेल तर साडेसहा फुटांच्या आसपासचं पाणी सगळ्यात स्वच्छ दिसेल.

१५. लांबचं बघायचं तर घाटाची वरची पायरी धर – नजर दहा फुटांवर गेली की तो स्वच्छ पट्टा तेरा फुटांवर सरकतो. पुढं वाकण्यापेक्षा मागं चढावं, दिसतंही जास्त आणि घसरतही नाही.

१६. कुठं चमक उरलीच तर मान जराशी डावीकडं-उजवीकडं कलती करून बघ – लाटेचा उतार जसा बदलतो तशी लहरींची दिशाही थोडी कलते, आणि तेवढ्यानं काच पुन्हा लागू पडते.

१७. डोक्यावर टोपी असू दे, तिच्या छपराची आतली बाजू गडद असली तर फार उत्तम – वरचं ऊन काचेच्या आतून डोळ्यात आलं तर महागडा गॉगलही हात टेकतो.

१८. तळ दिसायला लागला की लगेच पाय टाकू नकोस, आधी काठीनं खोली बघ – सरळ वरून पाहिलं तर चार फूट पाणी तीन फुटांचं वाटतं, आणि तिरकं पाहिलं तर त्याहून उथळ. गॉगल चमक काढतो, हा भास काढत नाही. तळ दिसला म्हणून ठाव लागला नाही.

१९. मासा दिसतो त्याच्यापेक्षा खाली असतो हे हाताला शिकव – फेकजाळं टाकणाऱ्या भोयांना हे उपजत कळतं. त्यांच्याजवळ गप उभा राहून बघ, पुस्तकात मिळणार नाही एवढं शिकशील.

२०. घाई न करता आधी थोडा वेळ नुसतं बघत बस – चिलापीनं उथळ तळात खोदलेले गोल खड्डे दिसतील, दगडाच्या सावलीला स्थिर उभा मासा दिसेल. एकदा ही नजर बसली की गळ कुठं टाकायचा हे कुणाला विचारावं लागत नाही.

२१. पावसाळ्याच्या दिवसांत मरळीची लालसर पिल्लं थव्यानं वर आलेली दिसली तर तिथं गळ टाकू नकोस – खाली आईबाप राखणीला असतात. ते गेले की सगळा थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो.

२२. पाणी गढूळ असेल तर गॉगलच्या भरवशावर उतरू नकोस – काच वरची चमक काढते, आतली माती काढत नाही. कोयनेतून पाणी सोडलंय असं कळलं तर त्या दिवशी गळ खुंटीलाच राहू दे.

२३. मगरीचं मी दरवेळी सांगतो, याही वेळी सांगणार – भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, आमणापूर या पट्ट्यात मगरी आहेतच. तरंगणाऱ्या मगरीचे डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर असतात, चमक गेली की त्या लवकर दिसतात. पण बुडालेली मगर कुठलीच काच दाखवत नाही, म्हणून तिथं गुडघाभर पाण्यातही उभा राहू नकोस.

२४. थंडीत सकाळी काठावरच्या वाळूकडं आणि मळीकडं आधी नजर फिरव – मगर ऊन खायला तिथंच पडते. दिसली तर दगड मारायचा नाही, ओरडायचं नाही, आपण जागा बदलायची. नदी तिचीही आहे.

२५. नावेसारखी वापरतात त्या गुळाच्या काहिलीत नाहीतर नावेत बसणार असशील तर गॉगलला मानेमागून दोरी बांध – काहिल जराशानं डुलते, आणि पडलेल्या वस्तूसाठी एक जण वाकला की सगळ्यांचा तोल जातो. गेला गॉगल परत येईल, गेला तोल परत येत नाही.

२६. आणि गॉगलच्या आधी लाइफ जॅकेट – ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला माणसं घेऊन निघालेली नाव उलटली आणि घरंच्या घरं पोरकी झाली. पोहता येतं हे कारण मला सांगायचं नाही.

२७. दिवस मावळायला लागला की गॉगल डबीत घाल – उरलेला उजेडही अडवलास तर पायाखालचा चिखल आणि काटेकुटे दिसायचे नाहीत. आणि सूर्याकडं, मग ग्रहण असो वा नसो, या काचेतून बघायचं नाही. ती त्यासाठी केलेलीच नाही.

घरी आल्यावर

२८. काच आधी पाण्यानं धू, मग मऊ फडक्यानं टिप, टॉवेलच्या टोकानं कोरडी घासू नकोस – नदीच्या बारीक वाळूचे कण काचेवर बसलेले असतात, तेच ओरखडे काढतात. आधी धुवावं, मग पुसावं. आधी ऐकावं, मग रुसावं.

२९. हाताला डासांचं मलम लावलं असेल तर हात धुऊनच गॉगलला लाव – त्यातल्या काही औषधांनी, विशेषतः डीईईटीनं, प्लास्टिक विरघळून काच कायमची धुरकट होते.

३०. गाडीच्या पुढच्या काचेपाशी उन्हात ठेवून जाऊ नकोस – बंद गाडीतल्या उष्णतेनं थर सुटतात आणि चौकट वाकडी होते. डबी मिळते ती जपून ठेवायला मिळते, आमिषाचं पीठ ठेवायला नव्हे.

३१. डोळे लाल होत असतील, किंवा पांढऱ्या भागावरून बुबुळाकडं मांस सरकताना दिसत असेल, तर गॉगल बदलत बसू नकोस, डोळ्याच्या डॉक्टरांकडं जा – वर्षानुवर्षं ऊन, वारा आणि धूळ खाल्लेल्या डोळ्यांना हा त्रास होतो, आणि वेळेत दाखवलं तर नजर राखता येते.

३२. सोबत नेणार त्या बारक्या पोरांनाही यूव्ही ४०० चा साधा गॉगल आणि टोपी दे, पोलराइज्ड नसला तरी चालेल – लहान डोळ्यातून अतिनील किरण मोठ्यांपेक्षा जास्त आत पोचतात, आणि त्यांना दिवसभर पाण्यापाशी बसवणारा तूच आहेस.

३३. शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: पैसे साठले की एक गॉगल जास्तीचा घे आणि ज्या भोई काकांनी तुला गाठ मारायला शिकवलं त्यांना दे – तू पाण्यावर जातोस सुट्टीला, ते जातात रोज, आणि सगळ्या उन्हाळ्याची चमक त्यांच्या उघड्या डोळ्यांवर पडते. ते नको नको म्हणतील. तू घाटाच्या पायरीवर त्यांच्या डोळ्यांवर तो चढव आणि फक्त पाण्याकडं बघायला सांग, पुढचं काम काच करेल.