रंगीत झिंगा पाळायचा? आधी अळीचा हिशोब समजून घ्या



आजचा जोडधंद्याचा पाठ जरा लांब आहे. संध्याकाळी निवांत वाचा, आणि घरात ज्याच्या हातात पैशाचा व्यवहार आहे त्यालाही वाचून दाखवा.

गेल्या महिन्याभरात एकच व्हिडिओ मला सात-आठ सभासदांनी पाठवला. काचेची टाकी, निळा उजेड, त्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झिंगा. खाली लिहिलेलं, "घरबसल्या कमाई, पिल्लं आम्ही देऊ, माल आम्हीच घेऊ." आपल्या एका भाऊंनी तर सोयाबीनच्या पैशातून आगाऊ रक्कम द्यायची तयारीही केली होती. देण्याआधी त्यांनी विचारलं, म्हणून हा पाठ.

*१) हा झिंगा कोणता?*

हा खायचा झिंगा नाही, शोभेचा आहे. मोठ्या शहरांत हौशी लोक घरात समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवतात. त्यात प्रवाळ, रंगीत मासे आणि असे झिंगे असतात. व्हिडिओतला झिंगा म्हणजे क्लीनर श्रिम्प. तो माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, म्हणून त्याला मागणी. दुसरा पेपरमिंट श्रिम्प, तो टाकीत माजणारं एक त्रासदायक समुद्रफूल खातो. म्हणजे आपल्याकडे मित्रकीटक असतात तसंच काहीसं. किंमत चांगली मिळते हे खोटं नाही. प्रश्न आहे तो ही किंमत का मिळते याचा.

*२) पैसा अळीत अडकला आहे*

हे झिंगे जोडी लावायला सोपे आहेत. क्लीनर आणि पेपरमिंट आधी नर असतात, वाढल्यावर एकाच अंगात नर-मादी दोन्ही होतात. त्यामुळे कोणतेही दोन मोठे झिंगे एकत्र ठेवले की काम होतं. कात टाकल्यावर मिलन होतं, पोटाखाली शेकड्यांनी अंडी दिसतात, आणि साधारण दोन आठवड्यांत, बहुतेक रात्री अंधार झाल्यावर, ती फुटतात. व्हिडिओ इथेच संपतो. खरं काम इथून सुरू होतं.

अंड्यातून झिंगा निघत नाही, अळी निघते. बोंडअळीच्या अवस्था तुम्हाला पाठ आहेत. तशाच या अळीला अनेक अवस्था आहेत, आणि प्रत्येक वेळी कात टाकायची. ही अळी पाण्यात तरंगत राहते. तिला दिवसरात्र जिवंत, बारीक खाद्य लागतं. त्यासाठी आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातल्या जीवाची अंडी रोज फोडावी लागतात. टाकीही गोल बुडाची लागते, नाहीतर अळ्या कोपऱ्यात साचून मरतात. किती दिवस?

– पेपरमिंट: महिना ते दीड महिना
– क्लीनर: दोन-तीन महिने, कधी पाच महिन्यांपर्यंत
– लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, लांब मिशांचा आणि मोठ्या नांगीचा बॉक्सर झिंगा: चार ते सात महिने

तुलना करा. क्लाउनफिश हा समुद्री मासा दहा-पंधरा दिवसांत अळीपण संपवतो. झिंग्याची अळी इतके महिने सांभाळताना एका रात्री लाइट गेली, हवेचा पंप बंद पडला, की सगळी मेहनत गेली. म्हणूनच बाजारातले बरेचसे क्लीनर झिंगे आजही समुद्रातून पकडलेले असतात. किंमत आहे ती अळी जगवणाऱ्याला. मोठं झालेलं पिल्लू सांभाळणं त्यामानाने सोपं.

तलावात वाढवतात त्या मोठ्या, खायच्या गोड्या पाण्यातल्या झिंग्याचं उदाहरण घ्या. तो वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याच्या अळीलाही लिटरला साधारण १२ ग्रॅम क्षाराचं मचूळ पाणी लागतं. म्हणून त्याचं बीज हॅचरीतूनच आणावं लागतं.

*३) मग हे कुठे जमलं?*

जमलं आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने समुद्री शोभेच्या झिंग्यांचं केंद्र उभं केलं. अळीचं अवघड काम केंद्रात शास्त्रज्ञ करतात. तयार पिल्लं बेटावरच्या महिला गटांना देतात, त्या वाढवून विकतात. आपल्या राज्यात नवी मुंबईला ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानने याच संस्थेच्या सहकार्याने समुद्री शोभेच्या माशांची हॅचरी उभारली, तिथे क्लाउनफिशवर काम चालतं.

दोन्हीकडे काय सारखं आहे ते पाहा. पाणी जवळ आहे, आणि अवघड टप्पा संस्थेने उचलला आहे. महिलांवर तो टाकला नाही.

*४) वर्ध्यात समुद्र आणायचा म्हणजे काय?*

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. १००० लिटरच्या मांडणीला ३५ किलो क्षार. खडेमीठ टाकून चालत नाही. त्यासाठी खास मिश्रण विकत घ्यावं लागतं, आणि ते बोअरच्या जड पाण्यात नाही, आरओच्या पाण्यात कालवावं लागतं.

पुढे दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर १०० लिटर खारं पाणी बाहेर. त्यात साडेतीन किलो क्षार. वर्षाला १८२ किलो. हे कुठे टाकणार? आपल्या काळ्या भारी जमिनीत सोडियम साचला की माती चोपण होते, पाणी मुरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. धंदा टाकीतला, नुकसान वावरातलं.

उन्हाळ्याचं तर विचारूच नका. या झिंग्यांना २४ ते २८ अंशांचं पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. चिलर दिवसरात्र चालवावा लागेल. शिवाय कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि क्षार मागे राहतात. म्हणजे खारेपणा रोज वाढतो, रोज मोजून गोडं पाणी घालावं लागतं.

आणखी एक. कोणी म्हणालं, "मालवणहून प्रवाळ आणून देतो", तर हात जोडा. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. समुद्री झिंग्याचं प्रजनन वर्ध्यात धंदा म्हणून करू नका.

*५) आवड आहेच, तर गोड्या पाण्यातला चेरी झिंगा*

हा दोन-अडीच सेंटीमीटरचा लाल झिंगा गोड्या पाण्याच्या टाकीत राहतो. याची मोठी सोय म्हणजे मोकळी तरंगणारी अळीच नाही. मादी २० ते ३० अंडी पोटाखाली तीन-चार आठवडे सांभाळते आणि त्यातून थेट छोटा झिंगा निघतो. म्हणजे वर सांगितलेला सगळा अवघड टप्पा गायब. भाव अर्थातच समुद्री झिंग्यापेक्षा खूप कमी. पण शिकायला हाच बरा.

कसं करायचं:

– *टाकी:* ६० लिटरची एक. स्पंज फिल्टर लावा. मोटारचा फिल्टर पिल्लं ओढून घेतो. जावा मॉस आणि वाळलेली बदामाची पानं टाका.
– *घाई नको:* पाणी भरून, फिल्टर चालू ठेवून, चिमूटभर खाद्य टाकत चार आठवडे थांबा. युरिया टाकल्यावर अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू आपल्या मातीत असतात, तसेच इथे स्पंजवर वाढू द्यायचे. ते नसले तर अमोनियाने झिंगे मरतात. दुकानातली साखळी इथेच तुटते, सगळे दुसऱ्याच दिवशी झिंगे सोडतात.
– *सुरुवात:* १५ ते २० नग. मादी मोठी आणि जास्त लाल असते, मानेमागे पिवळसर खोगीर दिसतं. टाकीत मासे ठेवू नका, पिल्लं खातात.
– *खाद्य:* दोन तासांत संपेल एवढंच. उरलेलं खाद्य पाणी सडवतं. उकडलेला पालक चालतो, पण घरचा, न फवारलेला.
– *निवड:* फिक्या रंगाचे नग वेगळे काढा. बीजोत्पादनाच्या प्लॉटमधून भेसळ झाडं उपटता ना, तसंच. लाल, पिवळे, निळे एकत्र ठेवले तर काही पिढ्यांत सगळे मातकट होतात.
– *उन्हाळा:* पाणी ३० अंशांवर गेलं की त्रास सुरू होतो. घरातली सगळ्यात थंड खोली, कूलर, आणि झाकणाऐवजी जाळी.

*६) सगळ्यात मोठा धोका: तुमचा फवारणीचा हात*

हा मुद्दा दुसरीकडे कुणी सांगणार नाही, म्हणून नीट वाचा. झिंगा आणि कीटक एकाच मोठ्या कुळातले, सांधेपाय असलेले. जे औषध मावा-तुडतुडा मारतं, ते झिंगाही मारतं. पाण्यात थेंबाचा अंश पुरतो. तांबं तर झिंग्याला विषच. निंबोळी अर्कही चालत नाही, कारण तो कात टाकण्यात बिघाड करतो.

माझीच गोष्ट सांगतो. डिप्लोमाला असताना खोलीवर चेरी झिंग्याची टाकी होती. सहा महिन्यांत वीसचे दीडशेच्या वर झाले होते. एका दिवशी संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक होतं. आलो, हात नुसते पाण्याखाली धरले, आणि टाकीतलं मॉस सरळ करायला हात घातला. सकाळी एकही जिवंत नव्हता. लाल रंग पांढरा पडला होता. मोजायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

म्हणून नियम करा:

– फवारणी करणाऱ्याने त्या दिवशी टाकीत हात घालायचा नाही.
– टाकीची बादली, मग, पाइप वेगळे. त्यांवर लाल रंगाने खूण करा.
– ज्या खोलीत औषधाचे डबे किंवा पंप ठेवता, तिथे टाकी नको.
– मच्छर कॉइल, लिक्विड मशीन, खटमलाचा स्प्रे त्या खोलीत बंद.
– ग्रामपंचायतीची धूर फवारणी असेल तेव्हा खिडक्या लावा, टाकी झाका.
– कपाशीच्या वावरातल्या विहिरीचं पाणी फवारणीच्या हंगामात वापरू नका.

ज्यांच्या घरात हे पाळणं शक्य नाही, त्यांनी हा धंदा सोडून द्यावा. त्यात कमीपणा नाही.

*७) विक्री आधी, टाकी नंतर*

टाकी घेण्याआधी वर्धा आणि नागपूरच्या तीन दुकानदारांना भेटा. पाच प्रश्न विचारा: कोणता रंग चालतो? महिन्याला किती नग घ्याल? मला हातात किती द्याल? वाटेत मेलेल्या नगाचं नुकसान कुणाचं? पैसे कधी? तिघांची उत्तरं वहीत लिहा.

मग हिशोब. समजा २० माद्या, प्रत्येकी २० पिल्लं, निम्मी जगली. एका फेरीला २०० नग. पुढची फेरी साधारण दीड महिन्याने. २०० ला दुकानदाराचा हातात मिळणारा भाव गुणा, त्यातून वीज, खाद्य, पिशव्या, नागपूरचं भाडं वजा करा. जो आकडा उरेल तो तुमचा. व्हिडिओतला आकडा तुमचा नाही. आणि दुकानदार महिन्याला ५० च नग घेतो म्हणाला, तर बाकीचे १५० उधार राहणार हे समजून घ्या.

पाठवताना एक दिवस खाद्य बंद. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, धरायला मॉसचा तुकडा, बाहेरून थर्माकोलचा डबा. पहाटे निघा. एप्रिल-मे मध्ये माल पाठवू नका.

नको असलेले झिंगे विहिरीत, शेततळ्यात, धाम नदीत किंवा बोर धरणात सोडू नका. परदेशी जीव एकदा पसरला की परत काढता येत नाही. गाजरगवत आठवा.

*८) करार आणि अनुदान*

"पिल्लं आम्ही देऊ, माल आम्ही घेऊ" हे वाक्य आपण आधीही ऐकलं आहे. इमूच्या वेळी ऐकलं. २०१९ ला सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीच्या करारात शेतकरी फसले, तेव्हाही हेच वाक्य होतं. अशा करारात कंपनीची कमाई पिल्लं विकताना होऊन जाते, तुमची कमाई मात्र पुढे कधीतरी व्हायची असते. तो 'कधीतरी' कागदावर तारखेसह, भावासह आहे का, हे पाहा. आणि त्यांना सरळ विचारा, अळी तुम्ही कुठे वाढवता? हॅचरी दाखवा. दाखवत नसतील तर चहा पाजा आणि निरोप द्या.

अनुदान आहे. २०२० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभेच्या माशांच्या घरगुती युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला होता. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. चालू नियम जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या. पण ६० टक्के अनुदान मिळालं तरी उरलेले १ लाख २० हजार तुमचेच असतात. ते पैसे गुंतवण्याआधी एक टाकी, सहा महिने, स्वतःच्या खर्चाने चालवून पाहा. सविस्तर शिकायचं असेल तर नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, आणि सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र आपल्या जवळच आहे.

*थोडक्यात:*
– समुद्री झिंगा: वर्ध्यात नको.
– चेरी झिंगा: आवड असेल तर एक टाकी, आधी गिऱ्हाईक.
– फवारणीचा हात टाकीपासून दूर.
– आगाऊ रक्कम कुणालाही नको.

ज्या भाऊंचा सुरुवातीला उल्लेख केला, त्यांनी पैसे थांबवले आहेत. त्यांच्या पोरीने एक टाकी सुरू केली आहे, सध्या नुसतं पाणी आणि मॉस. तिसरा आठवडा चालू आहे, अजून झिंगा सोडलेला नाही. बरोबर करते आहे.

तुमच्याकडे असा कुठला करार आला असेल तर सही करण्याआधी त्याचा फोटो मला याच नंबरवर पाठवा, किंवा कागद घेऊन कंपनीच्या ऑफिसात या. दोघं बसून वाचू. लिहायचा कंटाळा असेल तर बोलून मेसेज पाठवा, चालतो.

पुढचा पाठ: शेततळ्यातलं पाणी हिरवं का होतं.

तुमचाच,
कृषी सल्लागार