एअर रायफल घेण्याआधी माझं जरा ऐक

दुकानदाराने तुला आधी वेगच सांगितला असणार. सेकंदाला हजार फूट, बाराशे फूट. तो आकडा डोक्यातून काढून टाक, राणी. तू मारणार आहेस दहा मीटरवरच्या कागदावर. सामन्याच्या रायफलीतून पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटरने जातं, म्हणजे साडेपाचशे फुटांच्या आसपास. कागदाला स्वच्छ भोक पाडायला तेवढं पुष्कळ झालं. तुझा दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे जोराचं काही काम नाही. म्हणून मी तुला एकच विचारायला सांगते: ट्रिगर दाबल्यापासून पेलेट नळीबाहेर पडेपर्यंत ही बंदूक हलते किती?

स्प्रिंगची खूप हलते. तू नळी मोडून खाली ओढतेस तेव्हा आत एक जाडजूड स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन मागे अडकून बसतो. ट्रिगर दाबला की तो पिस्टन सुसाट पुढे धावतो, त्याच्या पुढची हवा दबते आणि ती हवा पेलेटला ढकलते. आता बघ, एवढं वजन पुढे धावलं की बंदूक मागे सरकणारच. आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबला की तीच बंदूक पुढे हिसका देते. मागे आणि पुढे, असा दुहेरी झटका, आणि त्याची सुरुवात पेलेट नळीत असतानाच झालेली असते. त्यामुळे तू ती धरतेस कशी, यावर सगळं अवलंबून. आज घट्ट आवळलीस, उद्या सैल धरलीस, तर नेम तोच असून पेलेट दुसरीकडे जाईल. स्प्रिंगची बंदूक हातात नुसती विसावू द्यायची, दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच हलक्या हाताने.

हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही. गोळी सुटल्यावरही तसंच स्थिर राहायचं, डोळा साईटवरून काढायचा नाही, ही सवय स्प्रिंगइतकी दुसरं कोणी लावत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत जर्मन कारखान्यांनी तो झटका जिरवायला काय काय केलं! फाइनवेर्कबाउच्या ३०० मॉडेलमध्ये झटक्यासरशी सगळी यंत्रणा रुळांवरून मागे सरकते, म्हणजे खांद्याला आणि नेमाला धक्का पोचत नाही. डायनाने दोन पिस्टन उलट दिशांना धाववले, एकाने दुसऱ्याचा धक्का खाऊन टाकावा म्हणून. किती बुद्धी लावली असेल त्या माणसांनी! पण दुकानात तुझ्यापुढे ठेवलेल्या नळीमोड बंदुकीत यातलं काही नाही.

आता पीसीपी, म्हणजे प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक रायफल. तिच्यात हवा आधीच भरून ठेवलेली असते. नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब. बाबांच्या गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज कर. ट्रिगर दाबला की एक छोटीशी झडप क्षणभर उघडते, मोजकी हवा सुटते, पेलेट जातं. आत जड काही धावत नाही, म्हणून झटका जवळजवळ नाहीच. आणि सामन्याच्या रायफलीत रेग्युलेटर असतो, तो पहिल्या गोळीला आणि साठाव्या गोळीला सारखाच दाब देतो. नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण केले होते. तेव्हा चाळीस गोळ्या असत, चाळीसही दहा. आता मुलींनाही साठ गोळ्या असतात, सव्वा तासात. दर गोळीला नळी मोडून स्प्रिंग दाबत बसलीस तर विसाव्या गोळीलाच खांदा भरून येईल, आणि दर वेळी उभं राहण्याची ठेवण मोडेल ती वेगळीच.

म्हणून माझं मत सरळ सांगते. तुला जिल्हा, राज्य असं पुढे खेळायचं असेल तर पीसीपीच. पण दुकानदार जी पीसीपी दाखवतोय ती नाही! ती जोरासाठी बनवलेली आहे, दुर्बीण लावून लांबचं मारायला. तुला हवी सामन्याची रायफल: ४.५ मिलिमीटरची, सगळं धरून साडेपाच किलोच्या आत, पीप साईटची. गालाची पट्टी आणि खांद्याकडची प्लेट तुझ्या मापाने पुढेमागे होणारी. नवी परदेशी घ्यायची तर किंमत लाखांत जाते, आणि बाबांवर ते ओझं आत्ता नको. क्लबची रायफल वापर. सरांना सांगून रोज तीच एक मागून घे, तिची माप-खूण वहीत लिहून ठेव. वर्षभराने हौस टिकली तर जुनी घेऊ.

घरी अंगणात गंमत म्हणून हवी असेल, तर मध्यम जोराची स्प्रिंगची खुशाल घे. काही हजारांत येते, हवा भरायची कटकट नाही, वर्षानुवर्षं चालते. मात्र पेलेट घालताना मोडलेली नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवायची, ती उसळून मिटली तर बोटं ठेचतात. पेलेट न घालता ट्रिगर दाबायचा नाही, नाहीतर पिस्टन कोरडा आपटून खराब होतो. दाबलेली स्प्रिंग तशीच ठेवून जेवायला जायचं नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि पाखरांवर, खारींवर नेम धरायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी तुला धरू दिला नसता. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही, तरी बाबांनी ओळखपत्र देऊन, पक्की पावती घेऊनच आणायची.

आता जे सांगते ते नीट ऐक. पीसीपी घेतली की हवा भरायचा प्रश्न येतो. हातपंपाने भरता येते, पण दम निघतो, आणि पावसाळ्यात हवेतलं पाणी आत जाऊन सिलिंडर आतून गंजतो. क्लबचा कॉम्प्रेसर असेल किंवा पाणबुड्यांच्या टाकीतली कोरडी हवा मिळत असेल तर उत्तम. कुणीतरी शहाणा हमखास सांगेल, "वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनची टाकी आहे, तिथून भरून घे." कधीही नाही. सिलिंडरच्या तोंडाशी तेला-ग्रीसचा अंश असतो, आणि एवढ्या दाबाच्या ऑक्सिजनला तो लागला की स्फोट होतो. हात जाईल, जीव जाईल. तिथे कुणाची भीड धरू नकोस, सरांच्या ओळखीचा माणूस असला तरी. भरायची ती साधी, कोरडी हवाच.

जुनी रायफल बघायला जाशील तेव्हा आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाच. त्याला मुदत असते, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत चालत नाही. रायफल स्वस्त वाटली तरी नव्या सिलिंडरचे पैसे त्यात धरून हिशेब कर. मग गेजवरचा आकडा लिहून घे आणि रात्रभर ठेवून सकाळी परत बघायला सांग. आकडा उतरला असेल तर हवा गळतेय. बहुतेक वेळा रबरी ओ-रिंग बदलून भागतं, पण मग किंमत विकणाऱ्याने कमी करायची, तू मुकाट द्यायची नाही. आणि टेकवून दहा पेलेट मारल्याशिवाय पैशांचं बोलणंच काढू देऊ नकोस बाबांना. त्या दहा भोकांच्या कागदाचा आणि सिलिंडरवरच्या तारखेचा फोटो मला पाठव, मी बघून लगेच फोन करते.